स्प्रिंगचा आवाज होज चढवून बंद करावा का?

सिंहगडरोडी (९ जून, रात्री १०:४०)

नमस्कार. माझ्याकडे १९९९ सालची मारुती झेन आहे आणि ती मी हौसेने, म्हणजे बायकोच्या शब्दांत सांगायचे तर हट्टाने, अजून रोज चालवतो. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा वयोमानाने बसल्या होत्या, त्यामुळे एप्रिलमध्ये त्या बदलल्या. बदलताना मोह झाला आणि मूळ उंचीपेक्षा सुमारे २५ मि.मी. बुटक्या, बाहेरच्या बनावटीच्या स्प्रिंगा घेतल्या. ओळखीच्या एका गॅरेजात त्या बसवून घेतल्या.

पहिले चार-पाच दिवस तक्रार नव्हती. त्यानंतर उजव्या पुढच्या चाकाकडून दोन निरनिराळे आवाज येऊ लागले. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवले की मध्येच एकदा तानपुऱ्याची तार सुटावी तसा 'टंग्' असा आवाज येतो. गतिरोधक ओलांडून चाक खाली उतरले की मात्र 'खट्' असा कोरडा, लोखंडाचा आवाज येतो. डावी बाजू शांत आहे.

गॅरेजवाल्यांच्या मते स्प्रिंगचा वेढा वेढ्याला लागतो आहे आणि त्यावर हीटरचा होज, म्हणजे रबरी नळी, चढवला की आवाज जाईल. मला हा उपाय वरवरचा वाटतो, पण तो बऱ्याच जणांनी केल्याचेही ऐकले आहे. होज नेमका कोणत्या वेढ्यावर चढवायचा, किती लांबीचा, कोणत्या रबराचा, आणि त्याने गाडीची उंची किंवा चाल बदलते का, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब, या वेळी स्वतः उतरवण्याचा विचार आहे.

मिश्किल_मी (९ जून, रात्री ११:०२)

तानपुऱ्याचा उल्लेख केलात म्हणून विचारतो, आवाज कोणत्या पट्टीत लागतो?

सिंहगडरोडी (९ जून, रात्री ११:०९)

साधारण काळी दोन. पाऊस पडला की थोडा उतरतो.

पाना_नंबर_दहा (१० जून, सकाळी ७:१५)

होजला जुगाड म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. अनेक कंपन्यांच्या स्प्रिंगांच्या शेवटच्या वेढ्यावर कारखान्यातूनच प्लास्टिकची किंवा रबराची नळी चढवलेली येते. प्रश्न ती कुठे चढवायची याचा आहे.

स्प्रिंगचे सगळे वेढे सारखे काम करत नाहीत. दोन्ही टोकांचा साधारण पाऊण ते एक वेढा बैठकीवर टेकलेला असतो आणि तो दबत नाही, त्याला आम्ही मेलेला वेढा म्हणतो. मधले वेढे जिवंत असतात. मेलेला वेढा जिथे संपतो आणि जिवंत वेढा सुरू होतो तिथे दोघांमध्ये पाचरीसारखी निमुळती फट असते. चाक वर-खाली झाले की ही फट उघडते आणि मिटते, म्हणजे लोखंड लोखंडावर आपटते किंवा घासते. होजची जागा तीच आहे. टोकापासून मोजून एक ते सव्वा वेढा, त्याहून जास्त नाही.

मधल्या वेढ्यांवर होज चढवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हौस सोडून दुसरे काही मिळत नाही. तीन मि.मी. जाडीचा होज दोन शेजारच्या वेढ्यांवर आला की त्यांच्यातले अंतर सहा मि.मी.ने कमी होते. मोठ्या खड्ड्यात ते वेढे वेळेआधी एकमेकांना भिडतात आणि तेवढी स्प्रिंग आपण कामातून काढून टाकतो. बुटक्या स्प्रिंगमध्ये ही जागा आधीच कमी असते.

काम सुरू करण्यापूर्वी एक करा. सगळे वेढे पुसून कोरडे करा, शंका असलेल्या जागी खडू फासा आणि गतिरोधकांच्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन या. जिथे खडू निघून चकचकीत पट्टा दिसेल तिथेच आवाज आहे. पट्टा दिसला नाही, तर होज चढवून तुम्ही स्प्रिंगला फक्त स्वेटर घालाल.

शनिवारपेठी (१० जून, सकाळी ९:३०)

वरील प्रतिसादातला खडूचा भाग मान्य आहे, पण होजची एवढी भलामण मान्य नाही. आवाज हा गाडीचा बोलण्याचा एकमेव मार्ग आहे आणि आपण त्या तोंडात बोळा कोंबतो आहोत. माझ्याकडे एकवीस वर्षे प्रीमियर पद्मिनी होती, तिच्याही पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगाच होत्या. स्टिअरिंग फिरवताना तिच्या स्प्रिंगने कधी 'टंग्' केले नाही आणि मी कधी तिला नळ्या चढवल्या नाहीत. एकाच बाजूने आवाज येतो, दुसऱ्या बाजूने येत नाही, याचा अर्थ बसवण्यात चूक आहे, हे समजायला फार मोठ्या विद्येची गरज नसावी. माउंटिंग, लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि बुश हे सगळे आधी तपासा.

अनुराधा_ना (१० जून, दुपारी १२:१०)

शनिवारपेठी, निदानाचा रोख बरोबर आहे, पण पद्मिनीचा दाखला इथे लागू पडत नाही. पद्मिनीच्या पुढच्या बाजूला वरखाली दोन विशबोन, म्हणजे चाक धरणारे आडवे दांडे, होते आणि स्टिअरिंग फिरवले की चाकाकडचा भाग वळायचा, स्प्रिंग आपल्या जागी स्थिर राहायची. झेनला मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात चाक वळले की अख्खा स्ट्रट वळतो आणि त्याच्याबरोबर स्प्रिंगही वळते. म्हणून वरच्या माउंटिंगमध्ये बेअरिंग असते. ते बेअरिंग अडकले, किंवा स्प्रिंगचे टोक वर-खाली कुठे धरले गेले, तर स्प्रिंगला पीळ भरत जातो आणि एका क्षणी ती उसळून मोकळी होते. धागाकर्त्यांची तानपुऱ्याची तार ती हीच.

ही चाचणी दोन माणसांत होते. गाडी जमिनीवरच ठेवा. एकाने इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने तळहात स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला टेकवावा. बोटे दोन वेढ्यांच्या मध्ये कदापि घालू नयेत. स्प्रिंग आधी थांबून मग झटक्याने सरकली, तर हाताला ती उसळी स्पष्ट कळते.

दुसऱ्या, 'खट्' या आवाजासाठी माझा वेगळा संशय आहे. गाडी जॅकवर उचला, खाली घोडी लावा, चाक पूर्ण लोंबकळू द्या आणि दोन्ही हातांनी स्प्रिंग फिरवून पाहा. ती फिरते का, हे इथे कळवा. बुटक्या स्प्रिंगांचे सगळे दुखणे बहुतेक या एका प्रश्नाच्या उत्तरात असते.

फिरतीवाला (१० जून, दुपारी १:४५)

माझ्या जुन्या व्हॅनला हा उपाय केला होता, तोही बागेला पाणी घालण्याच्या हिरव्या पाइपचा. आवाज तीन आठवडे बंद होता. चौथ्या आठवड्यात पाइप चेपून कागदासारखा झाला, चिरला आणि त्याचे टोक चाकामागून बाहेर लोंबू लागले. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने "साहेब, गाडीला वेल फुटलाय" असे सांगितले, त्यानंतर मी तो काढून टाकला.

एक_व्हल्कनाइझर (१० जून, सायंकाळी ६:२०)

रबराच्या धंद्यात आयुष्य गेले, म्हणून दोन शब्द.

बागेचा पाइप पीव्हीसीचा असतो. तो दाबाखाली हळूहळू कायमचा चेपतो आणि ऊन लागून त्यातला मऊपणा निघून गेला की तडकतो. या कामाला तो निरुपयोगी आहे. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळणारेही असतात. ते रबर नरम आणि पातळ असते, धार लागली की दोन दिवसांत फाटते.

हीटरचा होज बहुधा ईपीडीएम रबराचा असतो आणि त्यात धाग्याचे अस्तर असते. ऊन, पाऊस, हवेतला ओझोन आणि उष्णता हे रबर उत्तम सोसते. मात्र खनिज तेल आणि साधे ग्रीस यांनी ते फुगते आणि मऊ पडते. डिझेल-पेट्रोलचा होज बहुधा नायट्राइल रबराचा असतो. त्याला तेलाचे भय नाही, पण उघड्यावर ओझोनने त्याला बारीक चिरा जातात, म्हणून चांगल्या इंधन होजवर बाहेरून वेगळ्या रबराचे आवरण देतात. स्प्रिंगसाठी मी अस्तराचा हीटर होजच निवडेन. पण मग तो चढवताना हाताशी आहे म्हणून चासीचे ग्रीस फासू नये. साबणाचे पाणी वापरावे, नाहीतर सिलिकोन ग्रीस. आठ महिन्यांनी "होज फुगून सुटला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी स्वतःच्या हाताने तो ग्रीसमध्ये भिजवलेला असतो.

मापाबद्दल सांगायचे तर स्प्रिंगच्या तारेचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि होजचे आतले माप त्याच्याइतके किंवा किंचित कमी घ्या. सैल होज आपल्या जागी राहत नाही आणि त्याच्या पोकळीत पाणी साठते.

मालवणी_वारा (१० जून, रात्री ८:०५)

वरच्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य कुणी नजरेआड करू नये म्हणून माझी हकिकत सांगतो. आमच्याकडे हवा खारी, पाऊस दांडगा आणि रस्त्याकडेची माती तांबडी. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या खालच्या वेढ्यावर मी होज चढवला. आवाज बंद झाला आणि मी तो विषय विसरलो. दोन पावसाळे गेले. एका सकाळी गाडी अंगणातून बाहेर काढताना डाव्या बाजूला काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि ती बाजू बोटभर खाली बसली.

स्ट्रट उतरवून होज सुरीने उभा चिरला तेव्हा आतून तांबड्या चिखलाची अक्षरशः लापशी निघाली. त्याखाली स्प्रिंगचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता आणि तारेला मसुराच्या डाळीएवढे खड्डे पडले होते. त्यातल्याच एका खड्ड्यातून तार तुटली होती. होज नसता तर मला तो गंज दर सर्व्हिसिंगला दिसला असता. तुटलेले टोक टायरच्या बाजूला वळले नाही हे माझे नशीब, कारण स्ट्रटमध्ये खालची बैठक टायरच्या अगदी जवळ असते आणि असे टोक टायर फाडू शकते.

मी होजच्या विरोधात नाही. सध्याही माझ्या गाडीला आहे. पण तो आता दर वर्षी दिवाळीच्या आधी निघतो, वेढा पुसला जातो आणि मगच परत चढतो.

लेस्टरकर (११ जून, मध्यरात्री १:३०)

मालवणी_वारा यांच्या अनुभवाला इंग्लंडहून दुजोरा देतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि कॉइल स्प्रिंग खालच्या वेढ्यात तुटणे हे इथल्या गॅरेजांचे नेहमीचे काम आहे. वार्षिक एमओटी तपासणीत तुटलेली स्प्रिंग सापडली तर गाडी नापास होते. माझ्या स्वतःच्या गाडीची गेली तेव्हा मला गाडी चालवताना काहीही जाणवले नव्हते, कारण टोकाचा जेमतेम पाव वेढा तुटून बैठकीतच पडून होता. कारखान्याची नळी त्यावर व्यवस्थित चढलेली होती. म्हणजे कंपनीने बसवली म्हणून नळीखाली गंज धरत नाही, असे काही नाही.

शनिवारपेठी (११ जून, सकाळी ८:५०)

अनुराधाताई, विशबोनचा मुद्दा मान्य. शब्द मागे घेतो, पद्मिनी मागे घेत नाही.

अवांतर : तिच्या मागच्या बाजूला मात्र पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, होते आणि ते भरपूर कुरकुरायचे. आमचे मिस्त्री पाट्यांवर ब्रशने जळके तेल मारायचे. आठवडाभर शांतता असायची, मग त्या तेलाला धूळ चिकटून तिची कानस व्हायची आणि कुरकुर दुपटीने परतायची. आमच्या गावाकडे एक ट्रकवाले पाट्यांच्या मध्ये जुन्या टायरच्या पट्ट्या सरकवत असत. म्हणजे लोखंडाच्या मध्ये रबर घालण्याची ही विद्या होजपेक्षा जुनी आहे, एवढे मी कबूल करतो.

मिश्किल_मी (११ जून, सकाळी ९:०५)

वाचनखूण साठवली. गाडी नाही, पण प्रतिसाद वाचून स्वतःचा गुडघा तपासून घ्यावासा वाटतो आहे. तोही वळताना 'टंग्' करतो.

सिंहगडरोडी (१३ जून, रात्री ९:५५)

सर्वांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी घालवून सांगितलेल्या तिन्ही चाचण्या केल्या.

मुलाला स्टिअरिंगवर बसवले आणि उजव्या स्प्रिंगवर तळहात ठेवला. चाक साधारण अर्धे वळेपर्यंत स्प्रिंग थांबून राहते आणि मग हातात मासा उसळावा तशी उसळते. आवाज त्याच क्षणी येतो. डावी स्प्रिंग सुरुवातीपासून चाकाबरोबर गुपचूप फिरते.

खडूची चाचणी अर्धी उपयोगी ठरली. खालच्या टोकापासून पाऊण वेढ्यावर नखाएवढा चकचकीत पट्टा मिळाला, म्हणजे तिथे घासते आहे हे खरे. पण तसाच, थोडा फिकट पट्टा डावीकडेही आहे आणि तिकडे आवाज नाही.

तिसऱ्या चाचणीने झोप उडवली. गाडी घोडीवर घेऊन चाक लोंबकळू दिले. डावी स्प्रिंग दोन्ही हातांनी जोर लावूनही हलली नाही. उजवी एका तळहाताने फिरली, आणि वर-खाली चार-पाच मि.मी. खेळते आहे. बॅटरी लावून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. खालच्या बैठकीत स्प्रिंगचे टोक टेकण्यासाठी जी पायरी असते, तिथून टोक दोन बोटे पुढे सरकलेले आहे.

अनुराधा_ना (१३ जून, रात्री १०:२०)

मग 'खट्' हा आवाज तोच. गतिरोधकावरून उतरताना चाक पूर्ण खाली जाते, स्प्रिंग सैल पडते, बैठक सोडते आणि वजन आले की पुन्हा आपटून बसते. प्रत्येक वेळी ती थोडी फिरते, म्हणून टोक पायरीपासून सरकले. होजने हे थांबणार नाही. होज लोखंडाचा आवाज रबराचा करील, पण स्प्रिंग तशीच सुटत राहील. असे एखाद्या घाटात, वळणावर झाले तर काय होईल याचा विचार करा आणि तोपर्यंत गाडी कृपया घराजवळच ठेवा.

आता मुख्य प्रश्न असा की जोडीने घेतलेल्या स्प्रिंगांपैकी एकच सैल का? दोन्हींची मोकळी उंची सारखी असेल, तर उजव्या स्ट्रटमध्ये काहीतरी कमी आहे. वरची रबरी बैठक आहे का, ते पाहा. ती नसेल तर तेवढीच जागा रिकामी राहते, आणि स्प्रिंग थेट पत्र्याला धरून बसते, म्हणजे 'टंग्' हाही प्रश्न सुटतो.

शनिवारपेठी (१३ जून, रात्री १०:३१)

बसवण्यात चूक आहे, हे कुणी म्हटले होते बरे?

पाना_नंबर_दहा (१४ जून, सकाळी ७:०५)

शनिवारपेठींना श्रेय द्यावे लागेल, आणि माझ्या खडूला निम्मे.

सिंहगडरोडी, आता स्ट्रट उतरवणार असाल तर हे लक्षपूर्वक वाचा. तुमच्या स्प्रिंगचा ताठपणा मी २० न्यूटन प्रति मि.मी. धरतो, त्या आकाराच्या गाडीला हा आकडा अवास्तव नाही. ती उतरवताना १०० मि.मी. दाबावी लागली तर तिच्यात १०० ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोचा पाटा एक मीटर उंचीवरून पायावर पडावा तेवढी. ती ऊर्जा फक्त स्प्रिंग दाबून धरणाऱ्या दोन कॉम्प्रेसरांच्या आकड्यांच्या, म्हणजे हुकांच्या, भरवशावर थांबलेली असते.

दोन्ही कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंना लावा. आकडे शक्य तितके लांबच्या वेढ्यांवर घ्या आणि पाना हातानेच, दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन फेरे फिरवा. हवेची गन वापरू नका, तिने स्क्रूचे आटे तापून धरतात आणि एक बाजू पुढे पळते. स्प्रिंग वाकडी होऊ लागली तर थांबा आणि सैल करून पुन्हा लावा. स्प्रिंग वरच्या बैठकीपासून स्पष्ट सुटली, हाताने हलू लागली, की मगच मधला नट काढा. त्याआधी त्या नटाला हात लावायचा नाही. शॉकअपचा दांडा फिरू लागला म्हणून तो पकडीने धरू नका. दांड्यावर एक ओरखडा पडला की तेलाचे सील फाटते आणि पुढच्या महिन्यात तुम्ही नवा धागा काढता. चेहरा आणि छाती स्प्रिंगच्या टोकांच्या रेषेत ठेवायची नाही, इतकी साधी गोष्टही कामाच्या भरात विसरते.

स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला, जोडलेला असतो, त्यांची जागा उतरवण्यापूर्वी खिळ्याने ओरखडून ठेवा. तरीही शेवटी अलाइनमेंट करून घ्यावेच लागेल. आणि लोअर आर्मचे बोल्ट सैल केलेत तर ते गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. लोंबकळत्या चाकाने आवळले तर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि फाटते.

फिरतीवाला (१४ जून, सकाळी ८:४०)

प्रामाणिक शंका. बुटकी स्प्रिंग काढून जुनी मूळ स्प्रिंग अर्धा वेढा कापून बसवली तर? आमच्याकडे ग्राइंडरने दहा मिनिटांत कापून देतात.

पाना_नंबर_दहा (१४ जून, सकाळी ९:१२)

कृपया असे करू नका. सर्व वाचकांसाठी सांगतो. स्प्रिंगचा ताठपणा जिवंत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाच वेढ्यांतून अर्धा कापला तर ती सुमारे ११ टक्के ताठ होते, शिवाय मोकळी उंची कमी होते, म्हणजे धागाकर्त्यांची सध्याची व्याधी तुम्ही ग्राइंडरने विकत घेता. कापलेल्या टोकाला बैठकीचा आकार राहत नाही आणि ठिणग्यांच्या उष्णतेने टोकाजवळच्या पोलादाचे पाणी उतरते. अशा स्प्रिंगा रस्त्यावर भरपूर आहेत, आणि आवाज बंद करायला होज शोधत येणाऱ्यांत त्याच जास्त असतात.

सिंहगडरोडी (२२ जून, रात्री १०:१५)

काम झाले. उशीर झाला, कारण पहिल्या रविवारी पाऊस आणि दुसऱ्या रविवारी सासुरवाडी आली.

स्ट्रट खोलण्यापूर्वीच उलगडा झाला. गॅरेजवाल्यांनी जुने सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत भरून डिकीत स्टेपनीखाली ठेवले होते आणि मी ती एप्रिलपासून उघडलीच नव्हती. पिशवीत गंजलेले दोन नट, फाटलेले एक डस्ट कव्हर आणि वरची रबरी बैठक निघाली. एकच. डावीकडची अर्थातच डावीकडे होती. बैठक मोजली तर कडेला जेमतेम सहा मि.मी. भरली. म्हणजे स्प्रिंग जितकी खेळत होती, त्याच्या आसपास. अनुराधाताई, तुमचे निदान मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवले.

मग प्रश्न आला की हीच स्प्रिंग ठेवावी का. बैठक घालून स्ट्रट जुळवला आणि चाक पूर्ण लोंबकळू देऊन पाहिले, तर स्प्रिंग हाताने फिरत नाही, डावीइतकीच घट्ट आहे. टोक पायरीला टेकवून बसवले आहे. तरी मूळ उंचीच्या स्प्रिंगा शोधतो आहे, कारण नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानदारांनीही कपाळाला हात लावून तेच सांगितले. वरचे बेअरिंग मोकळे फिरत होते, पण त्यात वाळू निघाली म्हणून नवेच घातले.

शेवटी होज. तारेचा व्यास १०.५ मि.मी. भरला. आतून १० मि.मी.चा, अस्तराचा हीटर होज घेतला आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या टोकाला सव्वा वेढा चढवला. आधी वेढा तारेच्या ब्रशने घासला, झिंकचा प्रायमर आणि रंग मारून दोन दिवस वाळवला. होज गरम पाण्यात बुडवून मऊ केला आणि साबणाच्या पाण्याने सरकवला. तो सुरुवातीचे चार बोटे अंतर सहज गेला आणि पुढे वळणावर असा अडला की दोघांनी एक तास ओढाताण केली. शेवटी मधोमध उभी चीर दिली, चीर खालच्या अंगाला ठेवली म्हणजे पाणी गळून जाईल, आणि तीन केबल टायनी बांधला. टायची डोकी बैठकीपासून दूर, बाहेरच्या बाजूला ठेवली आहेत. एवढे झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले की दुधाचे पातेले होज बुडवायला घेतले होते का. घेतले होते.

'टंग्' आणि 'खट्' हे दोन्ही आवाज बैठक घातल्यावरच, म्हणजे होज चढवण्याआधीच गेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण मी मध्ये एक फेरी मारून पाहिली होती. होजने नंतर फक्त ती बारीक खरखर गेली, जी दोन्हीकडे होती आणि मोठ्या आवाजाखाली मला कधी ऐकूच आली नव्हती. उंची फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजली. होजने दोन्ही बाजूंना २ मि.मी. वाढली आहे.

एक_व्हल्कनाइझर (२२ जून, रात्री १०:४८)

३ मि.मी. जाडीचा होज वजनाखाली चेपून २ उरतो, हे अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. सहा महिन्यांनी १.५ वर येईल आणि तिथे थांबेल. चीर दिलीत ते उत्तम केलेत. पातेले मात्र बदला, होजच्या आतला कारखान्यातला चिकटा साध्या घासणीने निघत नाही.

मालवणी_वारा (२२ जून, रात्री ११:०६)

दिवाळीच्या आधी एक केबल टाय कापून आत बघा. कसे निघाले ते इथेच लिहा, धागा मी वर काढीन.

शनिवारपेठी (२३ जून, सकाळी ८:२०)

खरखरीपुरता होज मान्य.

सिंहगडरोडी (२३ जून, सकाळी ८:४५)

होजचा दीड फूट तुकडा उरला आहे. सिंहगड रस्ता किंवा कोथरूड परिसरातील कुणाला हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करावा. उद्यापासून फेकून दिला जाण्याची शक्यता आहे, कारण तो सध्या त्याच पातेल्यात आहे.

वळणावरची_झेन (२३ जून, दुपारी २:१०)

मी घेते. माझी १९९७ची आहे, आवाज डावीकडून येतो. डिकीतली पिशवी आधी उघडून पाहते.